हवा आत, मुंगूस बाहेर : परसदारी कोंबड्यांचं घर बांधताना

परसात कोंबड्या पाळायच्या ठरल्या की बहुतेक घरांत आधी पक्षी येतात आणि मग त्यांना रात्री ठेवायचं कुठे, याची शोधाशोध सुरू होते. जुनं कपाट, फळांची खोकी, गोठ्याचा कोपरा असं काहीबाही जुळवून खुराडं उभं राहतं. चारही बाजूंना फळ्या, वर पत्रा आणि पुढे घट्ट झाकण. डोक्यात भीती एकच असते : मुंगूस येईल, बोका येईल, नाहीतर कोणीतरी पळवून नेईल. ही भीती खोटी नाही. पण तिच्यापायी खुराड्याची बंद पेटी होते. मुंगसाने एक कोंबडी नेली की घरभर चर्चा होते. कोंदट हवेने अंडी कमी झाली, पक्ष्यांचे डोळे पाणावले, घशात घरघर सुरू झाली, तर त्याचं खापर खाद्यावर किंवा नशिबावर फुटतं.

खुराड्याला दोन कामं एकाच वेळी करायची असतात : जनावर बाहेर ठेवायचं आणि हवा खेळती ठेवायची. सलग भिंत पहिलं काम करते आणि दुसरं बिघडवते. बारीक छिद्रांची दणकट जाळी दोन्ही कामं करते. पुढचा सगळा आराखडा याच हिशेबाने मांडला आहे. मापं दहा कोंबड्या आणि एक कोंबडा धरून दिली आहेत. तुमची संख्या वेगळी असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

आधी ठरवा : किती आणि कोणत्या

घर कोणासाठी बांधायचं हे ठरल्याशिवाय सुताराला बोलावू नका. गावरान कोंबडी डझन-दीड डझन अंडी घातली की खुडूक बसते. मग पुढचे काही आठवडे अंडं नाही. त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी साधारण ६० ते ८० भरतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेची कावेरी या सुधारित जाती नीट सांभाळल्या तर वर्षाला १२० ते १८० अंडी देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी खायची असतील तर सुधारित जाती घ्या. पिल्लंही घरीच काढायची असतील तर त्यांच्यात दोन गावरान कोंबड्या ठेवा. इतरांची अंडीही त्या विनातक्रार उबवतात.

जातीवर घराचं मापही ठरतं. गावरान कोंबडी हलकी आणि चपळ. सहा फुटांचं कुंपण तिला कमीच पडतं. गिरिराज-वनराज अंगाने जड. उंच दांडीवरून रोज उड्या मारल्या की त्यांच्या तळपायाला गाठी येतात आणि ते लंगडू लागतात. मिश्र कळप असेल तर दांडीची उंची जड पक्ष्यांच्या सोयीने ठेवा आणि कुंपणाची हलक्यांच्या.

कोंबडा हवाच असं नाही. अंडी त्याच्याशिवायही मिळतात. पिल्लं काढायची असतील तरच आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. शहरात उलटी अडचण होते : झाकलेलं कोंबडं तांबडं फुटायच्या बरंच आधी आरवतं आणि भिंतीपलीकडचा शेजारी जागा होतो. घरं खेटून असतील तर फक्त कोंबड्या ठेवा. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर नियमांची आधी चौकशी करा, आणि सोसायटी असेल तर संमती लेखी घ्या.

जागा आणि दिशा

परसातली सगळ्यांत उंच जागा खुराड्याला द्या. पावसात पाणी साचतं तिथे कितीही चांगलं बांधकाम केलं तरी खालून ओल येणारच. विहीर, बोअर किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून लांब राहा. आपल्याकडे वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून शक्य असेल तर खुराडं घराच्या पूर्वेला ठेवा. वास घरात येत नाही. मात्र रात्री कोंबड्या कलकलल्या तर ऐकू येईल इतकं अंतर असू द्या. परसाच्या पार टोकाला, बांबूच्या बेटाआड खुराडं बांधलं की घरच्यांपेक्षा आधी ते उदमांजराच्या नजरेला पडतं.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन मग आखूड बाजूंवर पडतं, आणि दुपारचं ऊन छपराच्या वळचणीवर अडतं. लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला असल्याने आरपार वारा मिळतो. आंबा, कडुनिंब किंवा चिंचेची दुपारची सावली मिळाली तर उत्तम, पण फांदी छपरावर टेकू देऊ नका. तीन-चार फुटांचं अंतर तोडून ठेवा. बोक्याला आणि सापाला तीच वाट सोयीची वाटते.

अकरा पक्ष्यांचं घर : मापं

रात्रीच्या मुक्कामासाठी मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा पुरते, पण दिवसा तिला बाहेर मोकळीक मिळत असेल तरच. दिवसभर कोंडून ठेवायच्या असतील तर हा हिशेब दुप्पट धरा.

– तळ : ६ फूट × ४ फूट, म्हणजे २४ चौरस फूट.
– जमिनीपासून उंची : २ फूट.
– आतली उंची : दक्षिणेला साडेपाच फूट, उत्तरेला साडेचार.
– पश्चिमेची भिंत : वरची वीतभर जाळी सोडून पूर्ण बंद.
– उत्तर-दक्षिण बाजू : खालचा दीड फूट फळी किंवा सिमेंट शीट, त्यावर छपरापर्यंत जाळी.
– पूर्व बाजू : अडीच फूट रुंदीचं माणसाचं दार, शेजारी कोंबड्यांचं छोटं दार.
– छप्पर : एकपाखी, ८ फुटी तीन पत्रे, उतार उत्तरेकडे.
– बाहेरचं जाळीदार अंगण : १२ फूट × १० फूट.

माणसाला आत शिरता येईल एवढं दार असलंच पाहिजे. ज्या खुराड्यात हात घालून, मान वाकडी करून झाडावं लागतं, ते पहिल्या महिन्यानंतर कोणी झाडत नाही.

सांगाड्यासाठी लोखंडी अँगल घ्या आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सहा पायांचं टेबल जोडून घ्या, चार कोपऱ्यांना चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक. तळाला दर दोन फुटांवर आडवा अँगल टाकायला सांगा. त्यावर दोन बाय दोनच्या सहा शहाबादी फरश्या बरोबर बसतात. फरशी जड असते, वाऱ्याने हलत नाही, घूस ती कुरतडत नाही आणि बादलीभर पाण्याने धुऊन निघते. सांधे सिमेंटने भरून घ्या. फळीचा तळ स्वस्त पडतो खरा, पण विष्ठेच्या ओलीने दोन पावसाळ्यांत कुजू लागतो आणि भेगांत पिसवा घर करतात.

खर्च कमी करायचा असेल तर पाय विटांचे किंवा जांभ्या चिऱ्याचे रचा आणि वरचा सांगाडा बांबू किंवा सुरूच्या वाशांचा करा. बांबू मात्र वाळलेला, पक्का झालेला घ्या. कोवळ्याला भुंगा लागतो. पाय लाकडीच ठेवले तर त्यांना खालून फूटभर डांबर किंवा जळकं तेल लावा, म्हणजे वाळवी दूर राहते. प्रत्येक पायावर पत्र्याचं उलटं नरसाळं बसवा, म्हणजे उंदीर वर चढत नाही.

उंची दोन फूटच का? तळाखाली केरसुणी फिरली पाहिजे, उजेड पोचला पाहिजे. सहा इंचांची फट ठेवली तर तिथे उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. दोन फुटांची मोकळी जागा मात्र कोंबड्यांनाच उपयोगी पडते. उन्हाळ्यात सावली, पावसाळ्यात कोरडी माती, आणि तीही अंगणाच्या आतच.

जाळी, दार, कडी

पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, फळ्यांत वाचवा. जाळीत वाचवू नका. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी ‘चिकन मेश’ म्हणून मिळते. ती कोंबडी आत ठेवण्यापुरती असते. कुत्रं ती दातांनी फाडतं, आणि एक-दोन पावसाळ्यांत गंजून ती हाताने तुटते. खुराड्याला अर्ध्या इंची छिद्रांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळीच लावा. दुकानात परीक्षा सोपी आहे : छिद्रात अंगठा शिरला तर ती जाळी रात्रीच्या घरासाठी नको.

जाळी ठोकण्यातही चूक होते. नुसते यू खिळे मारले की जोरकस धक्क्याने ते निघतात. जाळीची कड सांगाड्यावर दोन इंच चढवा, त्यावर लाकडी रीप ठेवा आणि रीप स्क्रूने आवळा. अँगलचा सांगाडा असेल तर पत्र्याची पट्टी आणि नटबोल्ट. काम झाल्यावर मुठीने जोरात ढकलून पाहा. जाळी वाकली तरी कड सुटता कामा नये.

शत्रू कोण, कधी येतो, हे माहीत असलं की काय अडवायचं ते कळतं. मुंगूस दिवसा हिंडतं, म्हणून त्याचा धोका खुराड्यापेक्षा अंगणात जास्त. घार, शिक्रा, कावळा, भारद्वाज हेही दिवसाचेच, आणि त्यांचा डोळा पिल्लांवर. रात्री बोका, रानमांजर, उदमांजर, कोल्हा आणि घूस. मुंगूस, उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विष घालणं, सापळे लावणं हा गुन्हा आहे. शिवाय परसात टाकलेलं विष घरच्या मांजरालाही लागतं. पक्कं बांधकाम हाच खरा बंदोबस्त.

उकरणाऱ्या जनावरासाठी अंगणाच्या कुंपणाला जाळीचा पदर द्या. दीड फूट रुंदीची जाळीची पट्टी कुंपणाच्या पायाशी बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवी पसरा, कुंपणाला तारेने शिवा आणि वर माती-दगड टाका. घूस किंवा कुत्रं उकरायला सुरुवात करतं ते भिंतीच्या अगदी पायाशी. तिथेच जाळी लागली की ते दोन-चार ठिकाणी प्रयत्न करून सोडून देतं. दीड फूट मागे सरून बोगदा खणायचं त्याला सुचत नाही.

कोंबड्यांचं दार १२ इंच रुंद आणि १४ इंच उंच पुरतं. वर सरकणारी फळी करा आणि ती बंद झाल्यावर अडकवायला खिट्टी ठेवा. नुसत्या वजनावर बसणारी फळी कुत्रं नाकाने उचलतं. माणसाच्या दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या हव्यात. एकाच मधल्या कडीचं दार खालच्या कोपऱ्यात ताणलं जातं आणि तेवढी फट उदमांजराला पुरते. चोरीची भीती असेल तर कोयंड्याला कुलूप लावा.

दोन फुटांच्या उंचीवरून खाली यायला चार फूट लांबीची फळी उतरती लावा. तिच्यावर दर सहा इंचांवर आडवी पट्टी ठोका. त्याहून उभी फळी लावली की जड कोंबड्या चढायला कुरकुरतात आणि खालीच बसून राहतात.

आतली मांडणी

खुराड्यात सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे बसायची दांडी. कोंबडी रात्री मिळेल त्या उंच जागी झोपते. म्हणून दांडी अंड्यांच्या खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर ती खोक्यात झोपते, तिथेच घाण करते आणि सकाळी अंडी माखलेली मिळतात.

प्रत्येक पक्ष्याला ८ इंच धरले तर अकरा पक्ष्यांना साडेसात फूट दांडी लागते. पश्चिमेच्या बंद भिंतीकडे, खोलीच्या रुंदीत, चार-चार फुटांच्या दोन दांड्या लावा. पहिली भिंतीपासून एक फुटावर, दुसरी तिच्यापासून सव्वा फुटावर, दोन्ही सारख्याच दोन फूट उंचीवर. एक वर आणि एक खाली लावली तर वरच्या जागेसाठी रोज मारामारी, आणि वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. दांडी दोन इंच जाडीची, कडा रंध्याने गोल केलेली, लाकडाची असावी. लोखंडी पाइप उन्हाळ्यात तापतो, थंडीत गारठतो आणि बोटांची पकड सुटते. दांड्या ठोकून पक्क्या करू नका. दोन्ही टोकांना यू आकाराच्या खोबणीत नुसत्या ठेवा. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा नेमके या टोकांच्या फटीत लपतात. दांडी उचलून तिथे महिन्यातून एकदा कडुनिंबाचं तेल चोळता आलं पाहिजे.

कोंबडीची जवळजवळ निम्मी विष्ठा रात्री दांडीखाली पडते. तिथे पत्र्याचा ट्रे करा आणि तो पश्चिमेच्या भिंतीतल्या अरुंद झडपेतून बाहेर ओढता येईल असा बसवा. सकाळी ट्रे ओढायचा, खुरप्याने खरवडायचा, मूठभर राख भुरभुरून परत सरकवायचा. पाच मिनिटांत निम्मी साफसफाई होते. झडपेला कडी विसरू नका.

अंड्यांची खोकी चार-पाच कोंबड्यांमागे एक. म्हणजे तीन पुरतात. प्रत्येक खोकं फूटभर लांब, रुंद आणि उंच. ती उत्तरेच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने टांगा, तळापासून फूटभर उंचीवर, आणि अंडी काढायला वरून झाकण ठेवा. झाकण चांगलं उतरतं करा, पाणी ओघळून जातं. आतल्या तोंडाशी चार इंचांची पट्टी ठोका म्हणजे पेंढा आणि अंडी बाहेर येत नाहीत. कोंबडीला अंडं घालायला अंधारी, आडोशाची जागा लागते; तोंडावर गोणपाटाचा अर्धा पडदा लावला तर ती लवकर रुळते. पहिल्या दिवसांत अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा गोटा खोक्यात ठेवा. नवख्या कोंबड्यांना जागा कळते.

उरलेल्या तळावर दोन-तीन इंच तूस पसरा. कोकण-मावळात भाताचं तूस मुबलक, देशावर भुईमुगाची टरफलं, शहरात सुताराकडचा जाडसर भुसा. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालीवर करा. तूस बदलायचं कधी? मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर भुगा सुटा झाला तर ठीक. लाडवासारखा गोळा राहिला तर तेवढा भाग काढा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा.

आता हवेची परीक्षा. पहाटे, दार उघडायच्या आधी, आत शिरून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर खाली बसा आणि श्वास घ्या. नाकात झिणझिण्या आल्या किंवा डोळे चुरचुरले तर विष्ठेतला अमोनिया साठतो आहे. उभं राहिलं की तो जाणवत नाही, म्हणून बसूनच पाहायचं. कोंबड्या ती हवा रात्रभर घेत असतात आणि त्यांच्या श्वसनाच्या दुखण्याची सुरुवात तिथूनच होते.

छप्पर : कोकणात एक, विदर्भात दुसरं

सर्व महाराष्ट्राला एकच छप्पर चालत नाही. कोकणात शत्रू पाऊस आणि वारा. तिथे मंगलोरी कौलं सर्वांत चांगली. आत हवा खेळते आणि उकाडा कमी होतो. कौलांना उतार मात्र जास्त लागतो, चार फुटांत दोन फूट तरी. पत्रा वापरायचा असेल तर तो सांगाड्याला जे-हुक आणि रबरी वॉशरने आवळा. सांगाड्याचे पायही जमिनीत काँक्रीटमध्ये रोवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा पक्क्या घरांचे पत्रे उडाले. खुराड्यावर दोन दगड ठेवून भागत नाही. पश्चिम आणि दक्षिण बाजूंना पागोळी भिंतीपासून दोन फूट दूर पडेल एवढी वळचण काढा, आणि जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घ्या.

झडीच्या पावसासाठी जाळीला ताडपत्रीचे पडदे लागतात, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. पडदा वरून खाली सोडला की वरची हवा बंद होते, आणि अमोनिया आणि दमट हवा बाहेर पडायची जागा तीच असते. पडदा खालच्या फळीला ठोका, वरच्या काठात काठी शिवा आणि दोरीने खालून वर ओढा. पाऊस असेल तेवढा वर घ्या, पण छपराखालची वीतभर पट्टी कधीच झाकू नका. नाशिक-पुण्याकडच्या थंडीतही हीच पद्धत : पडदा दांडीच्या वर हातभर, त्यापुढे मोकळं. कोरडी थंडी कोंबडी पिसं फुगवून सोसते; ओल आणि कोंदटपणा तिला सोसत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उन्हाचा. कोंबडीला घाम येत नाही; ती चोच उघडून धापा टाकत अंग गार करते. पारा चाळिशीपलीकडे गेला की तेवढ्याने भागत नाही आणि जड पक्षी आधी बळी पडतात. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारा आणि त्यावर चार-सहा इंच पेंढा किंवा तुऱ्हाट्यांचा थर बांधा. दुपारी जाळीला ओलं गोणपाट लावा, पण वारा वाहत असेल त्याच बाजूला; दोन्ही बाजूंना लावलं की आत वाफ कोंडते. दोडका किंवा भोपळ्याचा वेल छपरावर चढवायचा तर पत्र्यापासून फूटभर वर मांडव करा.

दिवसाचं अंगण

कोंबड्या परसभर मोकळ्या सोडायच्या की जाळीच्या अंगणात, हे तुमच्या भाजीच्या वाफ्यांवर अवलंबून आहे. दहा कोंबड्या मेथीचा कोवळा वाफा एका सकाळीत साफ करतात. अंगण करायचं तर प्रत्येकी दहा-अकरा चौरस फूट द्या, सहा फूट उंच कुंपण घ्या आणि वरूनही जाळी टाका. कोकणात मासेमारीची जुनी जाळी यासाठी फार उपयोगी पडते. इतरत्र नायलॉनची जाळी चालते. तिच्यामुळे घार-कावळ्यांना आळा बसतो. रानपक्षी थव्याने उतरून खाद्यपाण्यात घाणही करत नाहीत. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेव्हापासून रानपक्ष्यांची घाण दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही. लहान चिमण्या जाळीतून येतातच, म्हणून खाद्यपाणी उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवा.

कोंबडीला रोज साधारण पाव लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. भांडं विटेवर ठेवा म्हणजे उकरलेली माती त्यात पडत नाही. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलं की सांडलवंड कमी होते. संध्याकाळी उरलेलं खाद्य उचलून झाकणाच्या डब्यात ठेवा; रात्रभर पडलेले दाणे उंदरांना गावभरातून बोलावतात.

कोरड्या कोपऱ्यात जुना टायर आडवा ठेवून त्यात बारीक माती, चुलीची राख आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा चुरा भरा. कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा-पिसवा झाडतात. दोन दिवसांत आजूबाजूची जमीनही उकरून ठेवतील. त्याची सवय करून घ्या.

निघालेलं तूस आणि विष्ठा थेट झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. ताजं कोंबडखत उष्ण असतं, मुळं जाळतं. सावलीत ढीग करून, थोडा पालापाचोळा मिसळून दोन-तीन महिने कुजू द्या. मग ते भाजीला आणि केळीला सोन्याच्या मोलाचं.

पक्षी आणण्याआधी आणि आणल्यावर

नवख्यांनी एक दिवसाची पिल्लं आणू नयेत. त्यांना पहिले तीन-चार आठवडे कृत्रिम ऊब लागते आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था हवी. सहा ते आठ आठवड्यांचे, लसीकरण झालेले पक्षी घ्या. सुधारित जातींसाठी पशुसंवर्धन विभागाच्या उबवणी केंद्रांत चौकशी करा. पुण्याजवळ खडकीला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पक्षी घेताना मानमोडीची, म्हणजेच राणीखेतची, आणि देवीची लस कधी दिली ते लिहून घ्या आणि पुढच्या मात्रेची तारीख जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्या. राणीखेत कळपात शिरला की औषध नाही. लस हाच उपाय.

नवे पक्षी पहिला आठवडाभर खुराड्यात आणि अंगणातच ठेवा. हेच आपलं घर, हे त्यांना कळलं की मग मोकळे सोडा, तेही पहिल्यांदा सूर्यास्ताच्या तासभर आधी. अंधार पडू लागला की ते आपणहून फळी चढतात. दाणे टाकताना रोज एकाच हाकेने ‘तीऽ तीऽ तीऽ’ केलं तर अडीअडचणीला दुपारीही बोलावता येतं. नंतर आणखी पक्षी आणले तर त्यांना दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. आजारी पक्ष्यासाठी एक मोठं डालगं किंवा पिंजरा लांबच्या कोपऱ्यात तयार असू द्या. अचानक दोन-चार पक्षी मेले तर ते सोलू-कापू नका, उकिरड्यावर फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

बांधकाम मेअखेर उरका आणि पहिला पाऊस रिकाम्या खुराड्यावर पडू द्या. गळती, उलटा उतार, आत येणारी पागोळी हे सगळं त्या आठवड्यात दिसतं आणि दुरुस्तीला हात मोकळे असतात. मग एका रात्री आत दिवा लावून बाहेरून फेरी मारा. जाळीतून उजेड येणारच; फळी, दार, झडप यांच्या सांध्यांतून जिथे जिथे तो बोटभर दिसेल तिथे रीप ठोका.

पक्षी दसऱ्याच्या सुमारास आणा. तोवर झड संपलेली असते, ऊन फार नसतं आणि तूस कोरडं मिळतं. तेव्हा दीड-दोन महिन्यांचे असलेले पक्षी फेब्रुवारी-मार्चपर्यंत अंड्यावर येतील. सुरुवातीची अंडी लहान असतात, मधूनच एखादं पातळ कवचाचं निघतं. घाबरून खाद्य बदलत बसू नका. शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवा आणि तीन-चार आठवडे वाट पाहा.